परवाचा पाऊस

“कुठे?”

एवढीच कमेंट. एक शब्द आणि पुढे प्रश्नचिन्ह. फोन वाजला तेव्हा दोन्ही हात खळीने बरबटलेले होते, म्हणून मी लक्ष दिलं नाही. पुठ्ठ्यावर कापड ताणून बसवायचं काम मधेच सोडता येत नाही. सोडलं की सुरकुती धरते, आणि एकदा धरलेली सुरकुती त्या वहीच्या तोंडावर जन्मभर राहते. चारही कडा आत दुमडल्या, कोपरे हाडाच्या पट्टीने दाबले, वही वजनाखाली सरकवली आणि मग हात धुऊन फोन उचलला. वर माझीच पोस्ट. खिडकीच्या काचेवरून ओघळणारं पाणी, अलीकडे दाबाखाली रचलेल्या सहा वह्या आणि खाली माझेच शब्द : ‘बाहेर पाऊस नुसता कोसळतोय. खळ सुकायचं नाव घेत नाही. आज वह्यांना सुट्टी, मलाही.’ मी मान वर करून खिडकीकडे बघितलं. लख्ख ऊन पडलं होतं. इतकं, की टेबलाच्या कडेला राहिलेलं मेण लावलेल्या दोऱ्याचं रीळ हाताला चिकटत होतं.

पाऊस खरा होता, एवढं आधी सांगते. फक्त तो तीन आठवड्यांपूर्वी पडून गेला होता. त्या दुपारी खरंच काही सुकत नव्हतं, मी खरंच हातावर हात धरून बसले होते, म्हणून फोटो काढला, चार ओळी लिहिल्या आणि पोस्ट आगाऊ लावायच्या तक्त्यात जी पहिली रिकामी तारीख दिसली तिथे त्या लावून दिल्या. मग विसरून गेले. पोस्ट मात्र विसरली नाही. ठरल्या दिवशी, ठरल्या मिनिटाला उठून, तोंडबिंड धुऊन ती लोकांपुढे जाऊन उभी राहिली. ‘कुठे?’ला काय उत्तर द्यावं याचा विचार करते आहे तोवर खाली दुसरी कमेंट आली. “ताई, म्हणजे माझ्या वह्या लांबणार का? सोमवारी हव्यात हो.” या बाईंच्या बारा वह्या आदल्या दिवशीच बांधून, पत्ता चिकटवून दाराशी ठेवल्या होत्या. मी घाईघाईने लिहिलं, “नाही नाही, तयार आहेत, उद्या निघतील.” त्यांचं लगेच उत्तर, “पण खळ?”

यावर काय बोलणार.

पोस्ट आगाऊ लावून ठेवायची सवय मला आळसामुळे लागलेली नाही. सुरुवातीला मी रोजच्या रोज लिहायचे. म्हणजे सकाळी पहिला फर्मा, दुमडलेल्या पानांचा जुडगा, शिवायला घेतला की डोक्यात किडा वळवळायला लागायचा, आज काय टाकायचं? सुई भोकात, दोरा दातात आणि मन फोनमध्ये. वही शिवताना डोकं फारसं लागत नाही, पण दोरा प्रत्येक टाक्याला सारखा ओढावा लागतो. लक्ष उडालं की एखादा टाका सैल राहतो आणि वही उघडली की तो फर्मा दाढ हलावी तसा हलतो. एका महिन्यात अशा हलत्या दाढांच्या चार वह्या निघाल्या, त्यातली एक तर गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन परत आली. माझी एक मैत्रीण दुसऱ्यांच्या धंद्यांसाठी हेच सोशल मीडियाचं काम करते. तिने मला समोर बसवून तक्ता करून दिला. तारीख, वार, फोटो, मजकूर, झालं की नाही. सोमवारी काम कसं चालतं ते, बुधवारी तयार वही, शुक्रवारी लोकांच्या प्रश्नांची उत्तरं. “महिन्यातून एक दिवस बस, सगळं लिहून काढ, आणि बाकीचे दिवस माणसासारखी काम कर,” ती म्हणाली. तिच्या भाषेत याला कंटेंट कॅलेंडर म्हणतात. मला तो शाळेच्या वेळापत्रकाचा धाकटा भाऊ वाटला. पण खोटं कशाला बोलू, माझ्या सकाळी मला परत मिळाल्या. दाढा हलायच्या थांबल्या.

आणि सोय तरी केवढी झालीय. २०१० साली बफर नावाचं साधन निघालं तेव्हा त्यातली कल्पना साधी होती. मजकुराची रांग लावून ठेवायची, ठरलेल्या वेळा आल्या की रांगेतलं एकेक बाहेर सुटणार. फेसबुकने धंद्यांच्या पानांना ही सोय २०१२ मध्ये दिली, ट्विटरने २०२० मध्ये आपल्या वेबसाइटवर, आणि इन्स्टाग्रामने २०२२च्या अखेरीस थेट अ‍ॅपमध्येच. तिथे ७५ दिवस पुढचं लावता येतं, दिवसाला २५ पोस्टपर्यंत. २५ पोस्टचं एका दिवशी कुणी काय करत असेल ते तोच जाणे. मला नवल वाटतं ते ७५ दिवसांचं. अडीच महिन्यांनी माझी तब्येत कशी असेल, मन कसं असेल, मी वह्या तरी करत असेन का, यातलं काहीच मला ठाऊक नसतं. पण त्या दिवशी सकाळी साडेनऊला मी उत्साहात असेन, हे मात्र मी आजच लिहून देऊ शकते. दोन उद्गारचिन्हांसकट.

फोटोंचं तर विचारूच नका. मजकूर महिन्याचा लिहायचा तर फोटोही महिन्याचे हवेत. एका दुपारी मी पाच वेळा कपडे बदलून एकाच टेबलाशी पाच वेगवेगळ्या दिवशी बसले. भिंतीवरचं घड्याळ काढून ठेवलं. शिवून झालेल्या वहीत पुन्हा रिकामी सुई घालून शिवण्याचा आव आणला, कारण खरं शिवायला घेतलं की चेहरा फार वाकडा होतो. या सगळ्यात एक गोष्ट नजरेतून सुटली. पुठ्ठा कापताना त्याच सकाळी सुरी घसरली होती आणि अंगठ्यावर पट्टी होती. ते फोटो मग तक्त्यात सोयीप्रमाणे इकडेतिकडे पडले. सोमवारी अंगठ्यावर पट्टी. बुधवारी जुन्या फोटोत अंगठा स्वच्छ. पुढच्या सोमवारी पुन्हा पट्टी. माझ्याकडून नेहमी वह्या घेणाऱ्या एक आजी आहेत, त्यांनी खाली लिहिलं, “पुन्हा कापलंस का गं? ती सुरी बदल आधी.” तोवर अंगठा बरा होऊन बारा दिवस झाले होते. ‘हो, पण आता बरं आहे’ असं लिहून मी मोकळी झाले. वाक्याचा उत्तरार्ध तरी खरा होता. त्या दिवशी काम करताना मात्र दोनदा अंगठ्याकडे नजर गेली. बऱ्या झालेल्या जखमेवर कुणीतरी आपुलकीने फुंकर घातली होती आणि ती मी निमूटपणे घेतली होती. बरं वाटलं. आणि उधार घेतलेली वस्तू परत न केल्यासारखंही वाटलं.

बाबांची फिरतीची नोकरी होती. निघायच्या आदल्या रात्री बॅग भरून झाली की ते टेबलाशी बसून पोस्टकार्ड लिहायचे. परगावी पोचल्यावर टाकायचं कार्ड, पण लिहायचे घरीच. ‘सुखरूप पोचलो. प्रवास चांगला झाला. इथे हवा छान आहे. काळजी नसावी.’ वरची तारीख तेवढी कोरी. तिकडे गेल्यावर धावपळीत लिहायला सवड होत नाही, स्टेशनाबाहेरच्या पेटीत टाकलं की झालं, असं त्यांचं म्हणणं. आई भांडायची नाही, पण विचारायची, “हवा छान आहे हे इथे बसून कसं कळलं तुम्हाला?” बाबा पेनाला टोपण लावत म्हणायचे, “छान नसली तर तुला कळवून तू काय करणार आहेस?” चार-पाच दिवसांनी कार्ड यायचं. कधी तर बाबा आधी आणि कार्ड नंतर. मग ते स्वतःच आम्हाला मोठ्याने वाचून दाखवायचे, “सुखरूप पोचलो म्हणे,” आणि आम्ही हसायचो. आई हसायची, पण कार्ड हातातून सोडायची नाही. ती त्यात काय वाचते, हे मला खूप उशिरा कळलं. मजकूर तर तिच्यासमोरच लिहिलेला असायचा. ती बघायची तारीख. तारखेची शाई वेगळी असायची. आकडे उभ्याने लिहिलेले, कधी गुडघ्यावर, कधी कुठल्याशा भिंतीवर कार्ड धरून. त्या वेड्यावाकड्या आकड्यांवरून तिला हवं ते सगळं कळायचं. एकदा तारखेतला एक आकडा ओला होऊन पसरला होता. “पाऊस आहे वाटतं तिकडे,” ती म्हणाली. खाली मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं होतं, इथे हवा छान आहे.

माझ्या पोस्टवर तारीख मी घालत नाही. ती यंत्र घालतं, सरळ आणि स्वच्छ.

आपल्या भाषेत काल वेगळा आणि उद्या वेगळा, पण ‘परवा’ दोन्हीकडे चालतो. परवा येऊन गेले, परवा येणार आहेत. क्रियापद येईपर्यंत ऐकणाऱ्याने थांबायचं. आधी लावून ठेवलेल्या पोस्टला शोभेल असा हाच एक शब्द मला सापडतो. लिहिते तेव्हा ती पुढची परवा, लोक वाचतात तेव्हा मागची. आणि लोक तरी ती नेमकी कधी वाचतात? इन्स्टाग्रामने २०१६ मध्ये वेळेच्या क्रमाने पोस्ट दाखवणं सोडलं. तेव्हापासून कुणाला काय आधी दिसावं हे त्यांचं गणित ठरवतं. माझी पावसाची पोस्ट मंगळवारी सकाळी गेली. ‘कुठे?’ विचारणाऱ्याला ती गुरुवारी दिसली. म्हणजे मी ती अगदी खऱ्या पावसात, भिजल्या हाताने, त्याच क्षणी टाकली असती, तरी त्याच्यापर्यंत पोचताना ऊन पडलं असतंच. हा विचार मनात आला तेव्हा मला फार सुटल्यासारखं झालं. मैत्रिणीला फोन करून सांगितलंही. ती म्हणाली, “हो, पण मग तू ‘तीन आठवड्यांपूर्वी’ असं का नाही लिहिलंस?” ही मैत्रीण अशीच आहे.

मुळात तक्त्याला रिकामा रकाना बघवत नाही. रकाना रिकामा दिसला की तो भरावासा वाटतो, आणि भरायला काही नसलं की माणूस ‘जागतिक अमुक दिन’ शोधायला लागतो. २३ एप्रिल हा जागतिक पुस्तक दिन, युनेस्कोने १९९५ मध्ये ठरवलेला. माझ्या वह्या म्हणजे पुस्तकं नव्हेत, पण रकाना होता, म्हणून मी ‘न लिहिलेल्या पुस्तकांच्या वतीने शुभेच्छा’ असं काहीतरी लिहून टाकलं. फेब्रुवारीतच. एप्रिलमध्ये ते वाचून मला स्वतःलाच कसंसं झालं. वाक्य वाईट नव्हतं, पण कुणाच्या तोंडचं होतं तेच कळेना. मार्च २०२० मध्ये मात्र तक्त्याची खरी दशा झाली. ११ तारखेला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली आणि माझ्या पुढच्या दोन आठवड्यांत ओळीने लावून ठेवलं होतं, ‘प्रवासाला निघताय? खिशात मावेल अशी वही’. एक उघडायची, रद्द करायची, खात्री आहे का या प्रश्नाला हो म्हणायचं. मग दुसरी. सात वेळा यंत्राने मला विचारलं, खात्री आहे का? त्या ओळी मी तक्त्यातून काढलेल्या नाहीत. करड्या रंगात अजून तिथेच आहेत. एकही सहल झाली नाही, वह्या मात्र निघायच्या तयारीत.

उलटंही घडलंय. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप सगळंच सहाएक तास बंद पडलं होतं. त्या वेळात माझी एक पोस्ट लागलेली होती, मी जीव ओतून केलेली, शिवणीचे सगळे टाके जवळून दाखवणारी. ती गेलीच नाही. आणि ती गेली नाही हे माझ्याशिवाय कुणालाही कळलं नाही. रुसावं तर कुणावर?

आधी लिहून ठेवलेला मजकूर म्हटलं की मला एक कागद नेहमी आठवतो. चंद्रावर माणूस उतरण्याच्या दोन दिवस आधी, १८ जुलै १९६९ला, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे भाषणलेखक विल्यम सफायर यांनी एक छोटं भाषण तयार करून ठेवलं होतं. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावरच अडकले, परत येऊ शकले नाहीत, तर वाचायचं भाषण. ते वाचावं लागलं नाही. कागद तसाच फायलीत राहिला आणि तीसेक वर्षांनी लोकांसमोर आला. वर्तमानपत्रांतही थोरामोठ्यांचे मृत्युलेख ते जिवंत असतानाच लिहून ठेवलेले असतात, आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. मलाही नाही वाटत. कारण त्या मजकुरात लिहिणारा ‘आत्ता मला असं वाटतंय’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, असं झालं तर हे शब्द हाताशी असू देत. बाबांचं कार्डही बहुधा त्याच जातीचं होतं. न पोचण्याची शक्यता गृहीत धरूनच ती एक जागा कोरी सोडलेली असायची. कार्ड आलं नाही, तर हवा छान असून काय उपयोग?

पावसाच्या प्रकरणानंतर त्या रात्री मी तक्ता उघडला आणि शोधमध्ये ‘आज’ हा शब्द टाकला. लावून ठेवलेल्या ४० पोस्टमध्ये तो २३ वेळा निघाला. ‘आत्ता’ सहा वेळा. ‘नुकतंच’ चार वेळा. तिरीमिरीत सगळे काढून टाकायला बसले. अकरा काढल्यावर वाचून बघितलं, तर वॉशिंग मशीनबरोबर येणारी माहितीपुस्तिका वाचत असल्यासारखं वाटलं. वहीचा कणा कापडी असावा. दोऱ्याला मेण लावल्याने तो गुंतत नाही. कागद ओलसर हवेत फुगतो. सगळं बरोबर, आणि त्यात मी कुठेच नाही. मग काही ‘आज’ परत घातले. खिडकीचे, हवेचे, मनाचे नाही घातले. कामाचे घातले. ‘आज पाहू या, टाका कसा घालतात’ हे तीन आठवड्यांनीही फारसं शिळं होत नाही, टाका तसाच घालतात. आणि दर आठवड्याचा एक रकाना, शनिवारचा, रिकामा सोडला. मैत्रिणीला ते मुळीच आवडलेलं नाही. तिच्या मते रिकामा रकाना म्हणजे दारात बसवलेली काळजी. खरं आहे तिचं, मला आत्तापासूनच त्या शनिवारची धास्ती वाटतेय. पहिल्या शनिवारी काही सुचलं नाही आणि काही टाकलंही नाही. दुसऱ्या शनिवारी बिघडलेल्या वहीचा फोटो टाकला, खाली एकच ओळ. फार कुणी बघितला नाही.

‘कुठे?’ला मी शेवटी उत्तर दिलं. “इथेच, पण तीन आठवड्यांपूर्वी.” त्यावर त्या गृहस्थांचं अजून काही आलेलं नाही. पटलं असेल, किंवा गणिताने त्यांना माझं उत्तर दाखवलंच नसेल.

खळीची काळजी करणाऱ्या बाईंचं पार्सल मात्र दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी मी पुन्हा फोडलं. चिकटपट्टी जपून सोलली, वरच्या वहीत एक चिठ्ठी सरकवायची होती. आत्ताच हात धुऊन आले होते, नीट पुसलेही नव्हते, पण माणूस दारात येऊन उभा होता. लिहिलं, ‘इथे आज कडक ऊन आहे. तुमच्या वह्यांची खळ केव्हाच सुकली.’ मग सवय नसतानाही वर तारीख घातली. मनगट टेकलं आणि दुसरा आकडा ओला होऊन पसरला. बोटाने पुसायला गेले तर आणखीच पसरला. दुसरा कागद घ्यायला वेळ नव्हता, तशीच आत ठेवली आणि पार्सल बंद केलं. त्या बाई माझ्या आईच्या वयाच्या आहेत. ऊनबीन काही वाचणार नाहीत, आकडा बघून म्हणतील, पाऊसच आहे वाटतं तिकडे.